सुभेदारांकडं राहिलेलं मत

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या भागाच्या मतदार यादीतून सुभेदार रंगनाथ तुपे यांचं नाव कमी झालं. तो भाग आता माझ्याकडं नाही. माझी दुसऱ्या शाळेवर बदली झाली त्याला वर्ष होऊन गेलं. तिथल्या नव्या बाईंचा फोन आला, "मॅडम, हे सुभेदार तुपे तुमच्या ओळखीचे होते ना? नाव वगळायचा अर्ज आलाय. खाली सही कमलाबाई तुपे." मी हो म्हणाले. त्या पुढं म्हणाल्या, "मी घरी गेले, तर काकूंनी आधी गल्लीची सगळी यादी मोठ्यानं वाचायला लावली आणि मगच चहा दिला. म्हणाल्या, आमच्या घरी असंच असतंय."



मी महानगरपालिकेच्या शाळेत शिकवते. करमाडच्या पुढं आमचं गाव. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, त्यामुळं सरकारी कागद हातात आला की अजूनही मी तो दोनदा वाचते. नोकरी लागली त्याच वर्षी बीएलओचं काम गळ्यात पडलं. बीएलओ म्हणजे मतदार यादी घेऊन दारोदार फिरायचं, कोण नवं आलं, कोण गेलं, कोण वारलं ते लिहून घ्यायचं. मला मिळालेला भाग छावणीच्या पलीकडचा होता. तिथं माजी सैनिकांची छोटी वसाहत आहे. फाटकांवर नावाच्या आधी हुद्दे लिहिलेले.

सुभेदारांच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा ते सायकलचं चाक पुसत होते. वर न बघताच म्हणाले,

"ओळखपत्र?"

"पर्समध्ये आहे."

"वर्दी घडी घालून ट्रंकेत ठिवली अन् ड्यूटीवर आलो, असं झालं ह्ये. गळ्यात घाला."

मी घातलं. मग त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि गल्लीतली नावं एकेक करून मोठ्यानं वाचायला लावली. मी नाव वाचायचे आणि ते उत्तर द्यायचे. "हजर." "पुण्याला गेला, पोराकडं." "लेक हाय, लग्न होऊन जालन्याला दिली." "मयत. दोन साल झाले, अजून मत देतोय का काय?" तासाभरात माझ्या यादीतली नऊ नावं चुकीची निघाली. मी घाबरले. ते म्हणाले, "घाबरता काऊन? यादी म्हंजी हजेरी असती बाई. हजेरी रोज चुकती, म्हनून तर रोज घ्यायची." मग आत बघून हाक दिली, "कमल, आता चहा टाक. बाईंचं काम झालं."

उठताना त्यांनी विचारलं, "शेवटचा भाग वाचला का?"

मतदार यादीला शेवटचा भाग असतो हे मला माहीतच नव्हतं. फौजेत नोकरीला असलेल्यांची नावं तिथं असतात. त्यांनी पानं उलटून दाखवली. "फौजी लोक शेवटच्या भागात असतेत. अन् लोक कोणतंच पुस्तक शेवटपर्यंत वाचत नायत."

ते सव्वीस वर्षं फौजेत होते. बुटक्या बांध्याचे, मान जराशी डावीकडं कललेली, आवाज मोठा पण शब्द कमी. डिस्चार्ज बुकात त्यांचा जिल्हा औरंगाबाद होता आणि माझ्या यादीत छत्रपती संभाजीनगर. ते त्यावर कधी काही बोलले नाहीत, फक्त फॉर्म भरताना मला सांगत, "जे यादीत हाय तेच लिहा. आपलं मन लिहू नका."

एकदा एका माजी नगरसेवकाच्या माणसानं मला भर गल्लीत धरलं. त्याच्या चाळीस भाडेकरूंची नावं मी घेतली नव्हती, कारण ते भाडेकरू तिथं राहतच नव्हते. तो आरडाओरडा करायला लागला, "दोन दिवसाची मास्तरीण, मला शिकवते का?" सुभेदार घरातून आले आणि माझ्या बाजूला सावधानमध्ये उभे राहिले, बस. तो माणूस थोडा वेळ ओरडला, मग त्याचा आवाज आपोआप खाली आला. गेल्यावर सुभेदार मला म्हणाले, "तुमी मागं सरकला नाय. शाबास." कुणी मला कामावर शाबास म्हणायची ती पहिलीच वेळ होती.

दर रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर एक टेबल लागायचं. सुट्टीवर आलेले आसपासचे जवान तिथं येत. मताचं काय करायचं ते विचारायला. फौजीला दोन वाटा असतात. एक टपालाची. मताचा कागद युनिटमध्ये येतो, खूण करायची, घोषणापत्रावर साहेबाची सही घ्यायची आणि पाठवायचं. दुसरी वाट प्रॉक्सीची. गावातल्या एका विश्वासाच्या माणसाला नेमायचं, त्यानं केंद्रावर जाऊन आपल्या वतीनं बटण दाबायचं. टपालवाल्यांना सुभेदार पाढ्यासारखं घोकून घेत, "लहान पाकिटात काय?" "मत." "मोठ्या पाकिटात काय?" "लहान पाकीट अन् घोषणापत्र." "उलटं केलं तर?" "मत मेलं."

या पाढ्यामागं एक गोष्ट होती, ती ते स्वतःच सांगत. नाईक या हुद्द्यावर असताना त्यांनी तुकडीतल्या अकरा जणांचे कागद गोळा केले. घोषणापत्र हरवू नये म्हणून सगळ्यांची घोषणापत्रं मताबरोबर लहान पाकिटात घालून स्वतः चिकटवली. चार वर्षांनी एका साहेबानं पद्धत समजावली तेव्हा त्यांना कळलं की ती अकराही मतं बाद झाली असणार. "अकरा जवान, बाई. येका डिंकाच्या बाटलीत मारले म्या." एरवी ते हसून सांगत, पण हे वाक्य म्हणताना हसत नसत.

आणखी एक किस्सा होता. वर बर्फातल्या चौकीवर असताना त्यांचा मताचा कागद आला तो निकाल लागून आठ दिवस झाल्यावर. सगळे पोट धरून हसले. ह्यांनी कागदावर खूण केली, साहेबाची सही घेतली आणि पाठवून दिला. कुणीतरी म्हणालं, "तुपे, सरकार बनून गेलं." तर म्हणाले, "त्यांनी बनवलं. आपलं मत तर अजून इथंच हाय."

"सव्वीस वर्षांत माझं येक मत मोजलं गेलं आसंल," ते म्हणायचे, "ते बी नक्की नाय."

बराकीत त्यांचा नियम होता, पक्षाचं नाव काढायचं नाही. पण निकालाच्या दिवशी कुणाच्याही कानाशी रेडिओ असायचाच. पंजाबचा पोरगा एका बाजूचा, बिहारचा दुसऱ्या. सुभेदार लंगरला, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघराला, सांगून हलवा करायला लावायचे. "जो जीता उसका हलवा, जो हारा उसका भी. खाओ और चुप रहो." मला वाटायचं, या माणसाला पक्षच नाही.

पण होता. पेन्शनवर आल्यापासून त्यांचं मत एकाच पक्षाला जायचं, हे सगळ्या वसाहतीला माहीत होतं. त्यांनी कधी सांगितलं नाही, पण त्या पक्षाची सभा असली की ते जायचे. स्टेजवर माजी सैनिकांसाठी खुर्च्या मांडलेल्या असायच्या. वॉर्डाचा प्रमुख बबन दरवेळी हाताला धरून वर न्यायला बघायचा. सुभेदार खाली, सतरंजीवर बसायचे. "वर बसलो तर वर्दी दिसती, बबन. खाली बसलो तर मी दिसतो."

या पक्षाशी त्यांचं नातं कमलकाकूंनी मला सांगितलं. ते सीमेवर असताना त्यांची आई सरकारी दवाखान्यात पडली होती. रक्त हवं होतं. घरात काकूंशिवाय दुसरं मोठं माणूस नाही. तेव्हा त्या पक्षाची पाच पोरं आली, रक्त दिलं, आणि म्हातारी वाचली. सुभेदार सुट्टीवर आले तेव्हा पोरांना शोधून भेटले. त्यातल्या एकानं म्हणे सांगितलं, "आमाला काय नको, फक्त ध्यानात ठिवा." सुभेदारांनी तीस वर्षं ध्यानात ठेवलं.

त्यांचा एकुलता मुलगा संतोष. तोही फौजेत. सुट्टीवर आला की बापाच्या शेजारी टेबलाशी बसून फॉर्म भरून द्यायचा, आणि सारखा हसवायचा. बापाची नक्कल तो बापासमोर करायचा. "लहान पाकिटात काय?" असं मान डावीकडं कलवून म्हणायचा आणि सुभेदार ओठ दाबून दुसरीकडं बघायचे.

त्या वर्षी विधानसभेची निवडणूक लागली. बापाच्या पक्षाचा उमेदवार असा होता की वसाहतीमागच्या मैदानाला त्यानं तारेचं कुंपण घालून तिथं दुकानं काढली होती. त्याच मैदानावर या भागातली पोरं भरतीसाठी पळायची. संतोषही तिथंच पळून फौजेत गेला होता. कुंपणाविरुद्ध लढलेले एक क्रीडाशिक्षक अपक्ष उभे होते. त्यांना सगळे मैदानवाले सर म्हणायचे. मी त्या रविवारी ओट्यावर यादी तपासत होते. बापलेकाचं बोलणं माझ्यासमोर झालं.

"नाना, माझं मत सरांना."

"तुझं मत तुझ्यापाशी. मला काऊन सांगतो?"

"सांगावं लागतंय की. तुमीच टाकणार. म्या तुमाला प्रॉक्सी नेमतोय."

सुभेदारांनी टपालाचा कागद पुढं सरकवला. "टपालानं टाक."

"टपालाचं तुमीच सांगितलंय. सव्वीस वर्षांत येक. मला मोजलेलं मत पाहिजे."

"आरं, ज्यानं कुंपण घातलं तो माणूस वाईट आसंल. पक्षानं नाय घातलं कुंपण."

"पक्षानं तिकीट दिलं ना त्याला? जिथं मी पळलो ते मैदान त्यानं खाल्लं, नाना." मग हसत म्हणाला, "का भरवसा नाय स्वतःवर?"

सुभेदार ताठ झाले. "फॉर्म काढ," म्हणाले.

संतोषनं युनिटमध्ये साहेबासमोर सही करून फॉर्म पाठवला. इकडं सुभेदारांची सही नोटरीसमोर व्हायला हवी होती. औरंगपुऱ्यातल्या नोटरीकडं मी त्यांच्याबरोबर रिक्षानं गेले. नोटरीनं गमतीनं विचारलं, "सुभेदार, पोराचं मत तुमच्या खिशात. मजा आहे." सुभेदार म्हणाले, "खिशात नाय. हातात हाय. खिशातलं आपलं असतं."

मतदानाच्या दिवशी ते सातला रांगेत पहिले होते. बूट पॉलिश केलेले, सदरा पांढरा. त्या दिवशी ते अंगावर कुठलाच रंग घालत नसत. स्वतःच्या मताला डाव्या तर्जनीवर शाई लागते, प्रॉक्सीच्या मताला मधल्या बोटावर. बाहेर आले तेव्हा दोन बोटं काळी होती. मी केंद्राबाहेर यादी घेऊन बसले होते. संतोषचा फोन त्यांच्याआधी मलाच आला. "मॅडम, नानांच्या दोन बोटांचा फोटो पाठवा ना." मी फोटो काढला. सुभेदारांनी हात पुढं केला, पण बघत होते रस्त्याकडं. मला वाटलं, लाजले. संतोषनं तो फोटो महिनाभर स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं होतं, 'आमचं मत पोचलं.'

सर पडले. मोठ्या फरकानं पडले. संतोषनं फोनवर बापाला सांगितलं, "जाऊ द्या नाना, आपलं येक तरी गेलं ना." काकू जवळच होत्या. सुभेदार म्हणाले, "गेलं."

त्यानंतर साडेतीन वर्षांत संतोष पाच वेळा सुट्टीवर आला. त्याला मुलगी झाली. रविवारच्या टेबलाशी तो बसायचा, नक्कल करायचा. पण सुभेदार आता ओठ दाबून हसत नसत, उठून आत जात. वय झालं, असं आम्हाला वाटलं.

पावसाळ्यात एका वळणावरून संतोषची गाडी दरीत गेली. लढाई नव्हती, काही नव्हतं. सामान घेऊन जाणारी गाडी होती.

तिरंग्यातली पेटी आली तेव्हा वसाहतीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंचे पुढारी आले. सुभेदारांनी सगळ्यांना सारखे हात जोडले. सलामी झाली, झेंडा सुनेच्या, मनीषाच्या हातात दिला. त्यांनी शेवटी मुलाला सॅल्यूट केला आणि तो हात खाली आणायचं विसरले. बबननं जाऊन तो हळूच खाली आणला. बबन वाईट माणूस नव्हता. ज्या पाच पोरांनी रक्त दिलं होतं त्यातला एक त्याचा मोठा भाऊ.

म्हणूनच पुढचं जास्त लागलं. पंधरा दिवसांनी चौकात मोठा फ्लेक्स लागला. वर्दीतला संतोष, बाजूला पक्षाचे नेते, आणि खाली मैदानाला कुंपण घालणारा तो आमदार हात जोडून. 'आमच्या परिवारातील वीर.' मी शाळेत निघाले होते. सुभेदार सायकल आडवी टाकून खांबावरचा दोर सोडत होते. बबन धावत आला.

"नाना, काय करताय? आपलाच पक्ष हाय!"

"माझा हाय."

"मग?"

"ह्यो तुमचा नव्हता."

चौकातले लोक थांबले. बबनला राग आला, पण आवाज खाली ठेवून म्हणाला, "मग कोणाचा व्हता? सांगा की."

सुभेदारांनी दोराला हिसका दिला. दोर सुटला, फ्लेक्सची एक बाजू लोंबायला लागली. "फौजेचा," ते म्हणाले. दुसरी बाजू बबननंच सोडली. घडी घालून त्यांच्या सायकलच्या कॅरियरला लावून दिली.

त्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. संतोषचं नाव कमी करायचा अर्ज कसा करायचा ते विचारायचं होतं. मी म्हणाले, "शेवटच्या भागातली नावं फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसकडून येतात नाना, कमीही तिकडूनच होतात. मी वर कळवते." त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "त्याच्या सामानाची पेटी आली. मनीषानं फोन चार्ज केला. त्यात तो फोटू हाय. तुमी काढलेला."

"हो."

"बोटं खरी हायत त्यात. मत खोटं हाय."

मला समजलं नाही. त्यांनी समोरच्या भिंतीकडं बघत सांगितलं. पहिलं बटण स्वतःचं दाबलं. दुसऱ्या वेळी सरांच्या नावावर बोट ठेवलं होतं. "ठिवलं व्हतं बाई, आईशप्पथ ठिवलं व्हतं. मग मनात आलं, ज्यांनी माझ्या आईला रक्त दिलं त्यांच्या इरोधात माझ्याच हातानं? पोरगं ल्हान हाय, त्याला काय कळतंय. बोट सरकलं."

संतोष तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

"दर सुट्टीला म्हनायचो, आता सांगतो. तो हसायचा. हसनाऱ्या मानसाला कसं सांगावं? म्हनलं, पुढल्या सुट्टीला."

मागं भांड्यांचा आवाज झाला. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे जमिनीवर ठेवला आणि आत गेल्या. मी दोन वेळा हाक मारली. चहा तसाच राहिला.

लोकसभेची निवडणूक आली. मैदानवाले सर या वेळी तिथंही अपक्ष उभे राहिले. निवडून यायचे नव्हतेच, पण उभे राहिले. मी संतोषच्या नावाबद्दल तीनदा लिहून कळवलं होतं. कागद फिरत होता. मतदानाच्या दिवशी यादी आली तेव्हा मी शेवटचा भाग आधी उघडला. नाव होतं. तुपे संतोष रंगनाथ. प्रॉक्सी, तुपे रंगनाथ.

सुभेदार आणि काकू सकाळीच आले. आत गेले आणि थोड्याच वेळात केंद्राध्यक्षांनी ओळख पटवायला मला आत बोलावलं. तरुण, भला माणूस होता. सगळ्या गोष्टी नियमानं व्हाव्यात म्हणून धडपडत होता. "मॅडम, यांची दोन मतं आहेत, आणि हे एकच घेतो म्हणतात."

सुभेदार सावधानमध्ये उभे होते. "ज्यानं नेमलं तो नाय, साहेब. मग नेमणूक बी नाय."

केंद्राध्यक्षांचा चेहरा पडला. "माफ करा. यादीत आहे म्हणून..."

बाकावर बसलेल्या एका पक्षाच्या एजंटानं हळूच म्हटलं, "टाका की सुभेदार. यादीत नाव हाय, कोण इचारतंय? आमची हरकत नाय." दुसऱ्या एजंटानंही मान डोलावली. त्या खोलीतल्या प्रत्येकाला त्या म्हाताऱ्यासाठी काहीतरी करायचं होतं.

काकू मागून म्हणाल्या, "टाका ना हो."

सुभेदार वळले.

"टाका. पोराचं राहिलंय तुमच्याकडं."

त्यांनी यंत्राच्या आडोशाकडं बघितलं. किती वेळ बघत होते सांगता येत नाही, पण बाहेरच्या रांगेतून कुणीतरी "चला की" म्हणालं. मग ते म्हणाले, "मयताचं मत टाकता येत नाय, कमल. त्ये चोरीचं असतं."

"मागल्या वेळेला टाकलं ते कशाचं व्हतं?"

केंद्राध्यक्ष माझ्याकडं बघायला लागले. मी खाली बघितलं. सुभेदारांनी केंद्राध्यक्षांना सांगितलं, "नावापुढं मयत लिहा साहेब. मी सही देतो." त्यांनी पोराच्या नावासमोरची ती नोंद स्वतः वाचून घेतली आणि सही केली. मग स्वतःचं मत टाकायला आडोशामागं गेले. बाहेर आले. एक बोट काळं होतं.

शाळेच्या आवारात काकू त्यांच्या पुढं चालत होत्या. फाटकापाशी थांबल्या. सुभेदारांचं आयुष्य असं गेलं होतं की मत कुणाला दिलं हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं आणि काकूंनी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"तुमचं तरी त्या सरांना दिलं का?"

ते म्हणाले, "दिलं."

काकूंनी त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही. "मागल्या वेळेला पोराला बी असंच म्हनला व्हता," त्या म्हणाल्या आणि रिक्षात जाऊन बसल्या.

मला विचाराल तर मला वाटतं, त्यांनी दिलं होतं. पण यंत्रात गेलेलं मत परत काढून कुणाला दाखवता येत नाही. आणि त्यांच्याकडं दुसरा पुरावा उरला नव्हता. ते सायकलीवरून रिक्षाच्या मागं मागं गेले.

त्यानंतर माझी बदली झाली. निघायच्या आधीच्या रविवारी मी निरोप घ्यायला गेले. टेबल मांडलेलं होतं. मिटमिट्याकडचा एक जवान सुट्टीवर आलेला, बरोबर त्याचा बाप. डोक्याला पागोटं, चेहऱ्यावर पोराचा अभिमान. पोराला बापाला प्रॉक्सी नेमायचं होतं. सुभेदारांनी फॉर्म पुढं ओढला, पेन काढलं आणि लिहायच्या आधी बापाला विचारलं,

"समजा, पोरानं सांगितलेला मानूस तुला पटला नाय. तर?"

बाप मोठ्यानं हसला. "सुभेदार, घरात येकच मत असतंय. त्याचं काय अन् माझं काय!"

सुभेदारांनी फॉर्म उलटा करून बाजूला ठेवला. टपालाचा कागद काढला.

"तू टपालानं टाक," ते पोराला म्हणाले. "मोजलं गेलं तर गेलं. नाय गेलं तर तुझंच गेलं."

बापाचं हसू गेलं. "काऊन? तुमचा माझ्यावर इश्वास नाय?"

"तुझ्यावर हाय की," सुभेदार म्हणाले. "बापावर नाय."

आतून काकूंच्या हातातला झाडू क्षणभर थांबल्याचं मला ऐकू आलं, मग पुन्हा सुरू झाला. सुभेदारांनी खुर्ची पोराकडं सरकवली, चष्मा लावला आणि कागदावर बोट ठेवून त्याला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायला लागले. मी निघते म्हणाले ते त्यांना ऐकू गेलं नाही.